शिष्यत्व आणि देवाच्या सत्तेखालील जीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येशूच्या मागे चालू पाहणाऱ्यांसाठी, नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी आणि अनेक वर्षे मंडळीत असूनही काही प्रश्न मनातच ठेवलेल्यांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. ती पवित्र शास्त्राच्या आधारे दिली आहेत, आणि ज्या बाबतीत ख्रिस्ती लोकांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

देवाचे राज्य म्हणजे नेमके काय?

येशूने आपल्या सेवेचा आरंभच या घोषणेने केला की काळाची पूर्णता झाली आहे, देवाचे राज्य जवळ आले आहे, म्हणून पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा (मार्क १:१५). पुष्कळ जण या राज्याचा विचार केवळ मरणानंतरच्या आयुष्यापुरता करतात आणि आजच्या दिवसाशी त्याचा संबंध लावत नाहीत. शुभवर्तमाने मात्र ते राज्य गालीलाच्या रस्त्यांवर, घरांत आणि सभास्थानांत कामाला लागलेले दाखवतात: आजारी बरे होतात, भुते निघून जातात, ज्यांना कोणी पंक्तीला घेत नसे अशा जकातदारांबरोबर आणि पाप्यांबरोबर येशू जेवायला बसतो. देवाच्या आत्म्याने मी भुते काढत असेन तर देवाचे राज्य तुमच्यावर आलेच आहे, असे तो स्वतः म्हणतो (मत्तय १२:२८). म्हणजे जेथे देवाची इच्छा चालते आणि माणसे त्याला राजा मानून जगतात, तेथे त्याचे राज्य आजही आहे. तरीही ‘तुझे राज्य येवो’ अशी प्रार्थना त्याने आपल्याला शिकवली, कारण त्या राज्याची पूर्णता अजून व्हायची आहे. मरण हा शेवटचा शत्रू नाहीसा होईल तेव्हा ती होईल (१ करिंथ १५:२४-२६). आरंभ झालेल्या पण पूर्ण न झालेल्या या राज्यात शिष्याचे सगळे आयुष्य जाते, आणि पुढील बहुतेक प्रश्न त्यातूनच निर्माण होतात.

ख्रिस्ती असणे आणि शिष्य असणे यांत फरक आहे काय?

नव्या करारात तरी असा फरक आढळत नाही. ‘ख्रिस्ती’ हे नाव तेथे अवघे तीन वेळा येते, आणि पहिल्यांदा येते तेव्हा अंत्युखियातील शिष्यांना लोक ख्रिस्ती म्हणू लागले, असे लिहिले आहे (प्रेषितांची कृत्ये ११:२६). शिष्य आधीच होते, नाव मागाहून मिळाले. सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी एक सोपी पायरी आणि निवडक मोजक्यांसाठी शिष्यत्वाची वरची पायरी, अशी विभागणी नंतर लोकांनी केली, आणि माझ्या मते तिने मंडळीचे फार नुकसान केले आहे. पुनरुत्थित प्रभूने सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, असे सांगितले आणि आपण जे जे आज्ञापिले ते सर्व पाळायला त्यांना शिकवा, असेही त्याच वाक्यात म्हटले (मत्तय २८:१९-२०). नुसते ऐकून समाधान मानणाऱ्यांचा वेगळा गट त्या आज्ञेत कोठेही नाही.

तारण कृपेने मिळते, तर मग आज्ञापालनाची गरज काय?

हा प्रश्न नवा नाही. कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय, असा प्रश्न पौलाने स्वतःच मांडला आणि त्याचे ठाम नकारार्थी उत्तर दिले (रोम ६:१-२). कृपेचा आणि आज्ञापालनाचा क्रम ध्यानात आला की गोंधळ बराच कमी होतो, आणि तो क्रम जक्कयाच्या घरात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसतो. यरीहोचा हा मुख्य जकातदार श्रीमंत होता, बुटका होता, आणि गर्दीमुळे येशू दिसेना म्हणून झाडावर चढून बसला होता. येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली आणि आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, असे सांगितले. त्या क्षणापर्यंत जक्कयाने एक पैही परत केलेली नव्हती, कसलेही वचन दिलेले नव्हते. बाहेर लोक कुरकुर करत असताना तो उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने जाहीर केले. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा देणे पुरेसे होते (गणना ५:७). जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला, कारण तो आता दंड भरत नव्हता, त्याला नवा धनी मिळाला होता. प्रभूचे येणे आधी, चौपट परतफेड नंतर. पण ही परतफेड झालीच नसती, तर प्रभू त्याच्या घरी खरोखर उतरला होता असे कोणी म्हटले असते?

जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ साली ‘स्वस्त कृपे’विषयी इशारा दिला होता, शिष्यत्वाशिवाय, वधस्तंभाशिवाय, जिवंत ख्रिस्ताशिवाय वाटली जाणारी क्षमा ही मंडळीची घातक शत्रू आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी फ्लोसेनबर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिली, त्यामुळे त्यांचे हे शब्द केवळ अभ्यासिकेत बसून लिहिलेले होते असे म्हणता येत नाही.

स्वतःचा वधस्तंभ उचलणे म्हणजे काय?

रोमी राज्यात वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्या माणसाला त्याचे आडवे लाकूड अनेकदा स्वतःच्या खांद्यावर वाहावे लागे, आणि ते दृश्य येशूच्या श्रोत्यांनी पाहिलेले होते. त्यामुळे अंगदुखी, तापट शेजारी किंवा नावडते काम यांना वधस्तंभ म्हणण्याची सवय या शब्दांचे वजन कमी करते. स्वतःच्या आयुष्यावरचा स्वतःचा हक्क सोडून देणे आणि येशूशी निष्ठा राखल्यामुळे जे नुकसान, अपमान किंवा दुःख वाट्याला येईल ते स्वीकारणे, असा त्याचा अर्थ आहे, आणि लूक त्यात ‘दररोज’ हा शब्द घालतो (लूक ९:२३).

येथे एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. घरात मारहाण किंवा छळ सोसणाऱ्या व्यक्तीला ‘हा तुझा वधस्तंभ आहे, मुकाट्याने सहन कर’ असा सल्ला देणे हा या वचनाचा गैरवापर आहे. येशूने स्वेच्छेने प्राण दिला. दुसऱ्याच्या हिंसेला मोकळीक देण्याची आज्ञा त्याने कोणालाही दिलेली नाही. अशा व्यक्तीने सुरक्षित ठिकाणी जाणे आणि कायद्याची मदत घेणे यात शिष्यत्वाला कोणताही बाध येत नाही.

देवाच्या सत्तेखाली जगणे रोजच्या व्यवहारात कसे दिसते?

डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५ ते ७) येशू ज्या विषयांना हात घालतो ते पाहिले तर उत्तर मिळते: राग, नजर, दिलेला शब्द, सूड, दानधर्मातील दिखाऊपणा, पैसा, उद्याची चिंता आणि दुसऱ्यांचे दोष काढण्याची खोड. यांतील एकही विषय मंदिरापुरता किंवा सणापुरता नाही.

एक उदाहरण घेऊ. महिनाअखेर जवळ आली आहे. वरिष्ठ एक बिल टेबलावरून पुढे सरकवतात. त्यात न झालेल्या प्रवासाचा खर्च लिहिलेला आहे. ‘सगळेच करतात, सही कर,’ एवढेच ते म्हणतात. रक्कम लहान आहे, पेन हातात आहे, शेजारचा सहकारी मान खाली घालून स्वतःच्या कामात गुंतल्यासारखे दाखवतो आहे. ‘साहेब, हा प्रवास झालेला नाही, म्हणून मला सही करता येणार नाही,’ हे वाक्य उच्चारायला जेमतेम पाच सेकंद लागतात, आणि त्यानंतरचे कित्येक महिने जड जाऊ शकतात. तुमचे बोलणे होय तर होय आणि नाही तर नाही एवढेच असावे, ही आज्ञा (मत्तय ५:३७) नेमकी त्या पाच सेकंदांसाठी आहे. आपला राजा कोण, हे अशा टेबलापाशी ठरते, आणि रविवारी गायलेल्या गीतांचा खरेपणाही तेथेच कळतो. त्या माणसाला नोकरी गमावावी लागणार नाही, असे आश्वासन शास्त्र देत नाही. आधी देवाचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवायला झटणाऱ्याच्या गरजा स्वर्गीय पित्याला ठाऊक आहेत, हे आश्वासन मात्र ते देते (मत्तय ६:३२-३३).

शिष्याने सर्व संपत्ती सोडून द्यावी लागते काय?

येशूने सर्वांना एकच आर्थिक आज्ञा दिली नाही. श्रीमंत तरुणाला त्याने सर्व काही विकायला सांगितले, आणि मार्क नोंदवतो की हे सांगताना त्याने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली (मार्क १०:२१). जक्कयाने अर्धी मालमत्ता दिली, तेव्हा येशूने उरलेली मागितली नाही. हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या मालमत्तेतून येशूची आणि बारा जणांची सेवा करत होत्या (लूक ८:३), म्हणजे त्यांच्याकडे मालमत्ता होती आणि ती उपयोगात येत होती. पण या विविधतेचा आधार घेऊन ‘मला काही सोडण्याची गरज नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने थोडे थांबावे. देव आणि धन या दोघांची चाकरी करता येत नाही, हे विधान सर्वांसाठी आहे. ज्याच्या खात्यात देवाला काही विचारण्याचा अधिकार नाही, त्याच्या बाकीच्या आयुष्यावर देवाची सत्ता आहे हे मान्य करणे मला कठीण वाटते. पैशावरची आपली पकड किती घट्ट आहे हे तपासायचे असेल, तर नियमितपणे, गाजावाजा न करता आणि टोचेल इतके द्यावे.

नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा करणारा अधिक चांगला शिष्य असतो काय?

नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना पेशा सोडायला सांगितले नाही. ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणावर जुलूम करू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असे सांगितले (लूक ३:१२-१४). ब्रिटिश संसद सदस्य विल्यम विल्बरफोर्स यांचे मन १७८५ च्या सुमारास ख्रिस्ताकडे वळले, तेव्हा राजकारण सोडून पाळक व्हावे असा विचार त्यांच्या मनात आला होता. एके काळी स्वतः गुलामांच्या जहाजाचे कप्तान असलेले पाळक जॉन न्यूटन यांनी त्यांना संसदेतच राहण्याचा सल्ला दिला, आणि १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा संमत झाला त्यात विल्बरफोर्स यांच्या दीर्घ प्रयत्नांचा मोठा वाटा होता. काहींना देव खरोखर कामधंदा सोडायला बोलावतो, जसे त्याने मत्तयाला जकात नाक्यावरून बोलावले. पण ते पाचारण आहे, बढती नव्हे.

शत्रूला क्षमा करणे म्हणजे न्यायाचा आग्रह सोडणे काय?

क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क देवाच्या हाती देणे (रोम १२:१९). अन्यायाला अन्याय म्हणण्याचे त्यामुळे थांबत नाही. ज्या अध्यायात येशू सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगतो, त्याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात अपराध करणाऱ्या भावाकडे एकांतात जा, तो ऐकत नसेल तर साक्षीदार घेऊन जा आणि तरीही ऐकत नसेल तर मंडळीला कळव, असा मार्गही तो घालून देतो. त्याच अध्यायातील दाखल्यात राजाने माफ केलेले कर्ज दहा हजार तलांत आहे. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ते कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. एवढे माफ झालेला चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरतो. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी, हे येथे विसरू नये. आपले झालेले नुकसान खरे आहे हे येशू मान्य करतो, आणि ते मान्य करूनच आपल्याला आपले माफ झालेले कर्ज आठवायला लावतो. गुन्हा घडला असेल तर तक्रार करणे आणि मनातून क्षमा करणे या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात. तुटलेला विश्वास पुन्हा जुळायला मात्र समोरच्याचा पश्चात्ताप आणि वेळ दोन्ही लागतात.

शासनाची आज्ञा आणि देवाची आज्ञा यांत विरोध झाला तर काय करावे?

सर्वसाधारण नियम असा की शिष्य चांगला नागरिक असतो: तो कर भरतो, कायदा पाळतो आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करतो (रोम १३:१-७, १ तीमथ्य २:१-२). पण अधिकाऱ्यांचा अधिकार देवाकडून आलेला आहे, म्हणूनच त्याला मर्यादाही आहे. मिसरी राजाच्या हुकुमाविरुद्ध शिप्रा आणि पुवा या सुइणींनी मुलगे जिवंत ठेवले. राजाखेरीज कोणाकडेही विनंती करायची नाही असा फतवा निघाल्यावरही दानीएल खिडक्या उघड्या ठेवून पूर्वीप्रमाणे दिवसातून तीन वेळा प्रार्थना करत राहिला. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे प्रेषितांनी न्यायसभेला तोंडावर सांगितले (प्रेषितांची कृत्ये ५:२९). दुसऱ्या शतकाच्या मध्यात स्मुर्णाचे (आजच्या तुर्कस्तानातील एका शहराचे) वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना ‘कैसर प्रभू आहे’ एवढे म्हणून सुटका करून घेण्याची गळ घालण्यात आली, तेव्हा छ्याऐंशी वर्षे मी ख्रिस्ताची सेवा केली आहे, त्याने माझे काहीच वाईट केले नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू, असे उत्तर देऊन ते मरणाला सामोरे गेले. मे १९३४ मध्ये, नाझी राजवटीत, जर्मनीतील बार्मेन येथे जमलेल्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी हीच गोष्ट घोषणापत्राच्या रूपाने मांडली: आपल्या आयुष्याचे असे एकही क्षेत्र नाही जेथे आपण येशू ख्रिस्ताचे नसून दुसऱ्या धन्यांचे आहोत.

या उदाहरणांत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. विरोध करणाऱ्यांपैकी कोणीही शस्त्र उचलले नाही, आणि राजाला सबब सांगणाऱ्या सुइणी सोडल्या तर परिणाम टाळण्यासाठी कोणी आपली निष्ठा लपवली नाही. शिष्याने सैन्यात असावे की नाही, याविषयी मात्र मंडळीत प्राचीन काळापासून दोन मते आहेत, आणि दोन्ही बाजूंना देवभीरू माणसे आहेत.

देव राजा आहे, तर जगात एवढे दुःख का?

याचे पूर्ण उत्तर शास्त्र देत नाही, आणि ते आपल्याजवळ असल्याचा आव कोणी आणू नये. निदणाच्या दाखल्यात शेताचा धनी कापणीपर्यंत गहू आणि निदण एकत्र वाढू देतो, कारण घाईने उपटताना गहूही उपटला जाईल, अशी त्याला काळजी आहे (मत्तय १३:२४-३०). हा विलंब दुर्बलतेचा नाही, एवढे त्यावरून कळते. दुःखात असलेल्याला तेवढ्याने दिलासा मिळेलच असे नाही. म्हणून स्तोत्रसंहितेत ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असा आक्रोश करणारी कितीतरी स्तोत्रे आहेत. राजाकडे असा आक्रोश नेणे हा त्याच्या सत्तेवरील विश्वासच आहे. ज्याचे नुकतेच कोणी गेले आहे अशा माणसापुढे स्पष्टीकरणे मांडण्यापेक्षा त्याच्याबरोबर एखादे असे स्तोत्र वाचावे. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूही रडला.

घरच्यांचा विरोध असेल तर?

आईबापांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही, हे येशूचे वाक्य (लूक १४:२६) अनेकांना अस्वस्थ करते. हे निष्ठेच्या क्रमाविषयी आहे: सर्वांत जवळच्या नात्यालाही प्रभूच्या वर स्थान देता येत नाही. देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांची जबाबदारी टाळणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत फटकारले (मार्क ७:९-१३), आणि वधस्तंभावरून त्याने आपल्या आईची व्यवस्था केली. त्यामुळे विरोध होत असलेल्या शिष्याने घरात अधिक नम्र, अधिक कामसू आणि अधिक खरे असावे; फक्त ख्रिस्ताला नाकारावे असा आग्रह होईल तेथे त्याने ठाम राहावे. लहान वयाच्या किंवा घरच्यांवर अवलंबून असलेल्यांना इतरांनी घाईने धोक्यात लोटू नये.

वारंवार पाप घडते. अशा माणसाला शिष्य म्हणवून घेता येते काय?

पेत्राकडे पाहावे. येशूला अटक झाली त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता, आणि त्याच विस्तवापाशी शेकत असताना पेत्राने आपण येशूचे शिष्य नाही असे सांगितले. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकिनारी येशूने पुन्हा कोळशांचा विस्तव पेटवून ठेवला होता, त्यावर मासळी होती, आणि न्याहारी झाल्यावर त्याने पेत्राला तीनदा विचारले की माझ्यावर तुझी प्रीती आहे काय. नाकारण्याचा उल्लेखही त्याने केला नाही, पण तो प्रसंग झाकूनही ठेवला नाही. शेवटी त्याने जे म्हटले ते अगदी पहिल्या दिवशीचेच होते: माझ्यामागे ये (योहान २१).

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५१७ साली मांडलेल्या पंचाण्णव विधानांपैकी पहिलेच असे आहे की विश्वासणाऱ्यांचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे, अशी ख्रिस्ताची इच्छा होती. पश्चात्ताप ही एकदा उरकण्याची बाब नाही. पडणाऱ्याने निराश होऊ नये. न पडल्याचे भासवणाऱ्याची मात्र मला अधिक काळजी वाटते. जे पाप पुन्हा पुन्हा घडते ते एका विश्वासू, प्रौढ व्यक्तीला नाव घेऊन सांगावे, कारण अंधारात त्याची ताकद वाढते. व्यसन असेल तर प्रार्थनेबरोबर उपचारही घ्यावेत.

मंडळीशिवाय, घरी राहून शिष्यत्व जपता येईल काय?

आजारपण, तुरुंग किंवा छळ यांमुळे एकटे राहावे लागलेल्यांना प्रभू सोडत नाही. पण निवड म्हणून एकटे राहणे येशूच्या पद्धतीशी जुळत नाही, कारण त्याने एकेकट्याला शिकवले नाही. राज्यकर्त्यांसाठी जकात गोळा करणारा मत्तय आणि जिलोत, म्हणजे कडवा आवेशी, म्हटलेला शिमोन यांना त्याने एकाच मंडळात आणून बसवले. एकमेकांवर प्रीती करा, एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांजवळ पापे कबूल करा, या आज्ञा पाळायला दुसरा माणूस लागतोच. १७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे प्रचारक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी सुमारे बारा-बारा जणांचे गट केले. सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी वर्गणी गोळा करणे हा मूळ उद्देश होता, पण घरोघरी जाताना माणसांची खरी अवस्था कळू लागली आणि तेच गट आत्मिक देखरेखीचे साधन बनले.

मंडळीत दुखावलेल्यांना एवढेच सांगावेसे वाटते की पुढाऱ्यांनी धनीपणा गाजवावा असे येशूने कधीच म्हटले नाही. जो पुढारी आहे त्याने सेवा करणाऱ्यासारखे व्हावे, असे त्याने सांगितले (लूक २२:२५-२६). लग्न, नोकरी, पैसा यांविषयी स्वतःचा शब्द हाच देवाचा शब्द म्हणून मानायला लावणाऱ्या पुढाऱ्यापासून दूर होणे योग्यच आहे. अशा वेळी दुसरी मंडळी शोधावी.

देवाची इच्छा कशी ओळखावी?

तिचा मोठा भाग आधीच लिहिलेला आहे: न्यायाने वागणे, दया करणे, खरे बोलणे, पवित्र राहणे, उपकारस्तुती करणे. तेवढे पाळत असताना उरलेल्या निर्णयांसाठी प्रार्थना करावी, जाणत्यांचा सल्ला घ्यावा आणि मिळालेल्या बुद्धीने निर्णय घ्यावा. याकोब सांगतो की ज्ञान मागणाऱ्याला देव दोष न लावता देतो (याकोब १:५).

सुरुवात कोठून करावी?

मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. त्याचे सोळा अध्याय आहेत. ते घाईने संपवू नये. येशू कोणाशी कसा वागतो हे पाहत जावे, आणि वाचून झाल्यावर प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक ओळ सावकाश म्हणावी. त्यानंतर मत्तयाचे पाच ते सात अध्याय उघडून त्यांतील जी आज्ञा सर्वांत जास्त टोचते ती एकच निवडावी आणि ती त्या आठवड्यात पाळावी: रखडलेली माफी मागावी, थकवलेले पैसे द्यावेत किंवा एखाद्याविषयी पसरवलेले खोटे बोलणे जाऊन दुरुस्त करावे. मनाची तयारी होण्याची वाट पाहू नये, कारण ती पुष्कळदा आज्ञा पाळतानाच होते. आपण काय ठरवले आणि काय झाले ते एका विश्वासू भावाला किंवा बहिणीला सांगावे. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनी मंडळीच्या पाळकांना भेटावे. बाप्तिस्मा कोणत्या वयात आणि कोणत्या रीतीने द्यावा याविषयी मंडळ्यांमध्ये फरक आहेत, आणि पाळक ते समजावून सांगतील.